जीर्णोद्धार कीं रूपांतर ?

जुन्या वस्तूचें काय करावें हा प्रश्न देवळें आणि पोथ्या यांच्या संबंधानें फार दिवसांपासून विचारला जात आहे. मोटारगाडीच्या संबंधानेंहि तो विचारला जाऊं शकेल, असें गेल्या उन्हाळ्यापर्यंत आम्हांस वाटलें नव्हतें. ज्या यंत्राचें वय जन्मापासून मोजलें तरी अद्याप दीडशें वर्षांचें होत नाहीं, त्यांत जीर्ण तें काय आणि त्याचा उद्धार तो कसला, असाच आमचा ग्रह होता. हा ग्रह कॅलिफोर्नियांत आमच्या भाच्याच्या घरीं दूर झाला. आणि त्या निमित्तानें ज्या एका कलाप्रकाराची आम्हांस ओळख झाली, त्याचें परीक्षण या लेखांत करण्याचें योजिलें आहे. या कलाप्रकारास तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. रस्त्यावर नित्य हिंडविण्याजोगा व सुखसोयींनीं युक्त असा जो त्याचा अलीकडचा अवतार, त्यास ‘स्ट्रीट रॉड’ हें नांव आहे. जुनी, बहुधा १९४८ सालची किंवा त्यापूर्वींची गाडी घ्यावयाची, तिचें छप्पर कापून खालीं आणावयाचें, अंगावरचा अधिकउणा पत्रा उतरावयाचा, पोटांत दुसरें बलवत्तर एंजिन बसवावयाचें आणि ती नव्या रंगांत रस्त्यावर आणावयाची, असा हा व्यवसाय आहे. यास कला म्हणावें कीं मोडतोड म्हणावें, हाच मुख्य प्रश्न होय.

आमचा भाचा धंद्यानें एंजिनिअर आहे. त्यानें फोर्ड कंपनीची १९३१ सालची ‘मॉडेल ए’ जातीची दोन आसनांची बंद गाडी विकत घेतली होती. ती रंगानें विटली होती, आसनांचें कापड उसवलें होतें. परंतु दारें, मडगार्डें, दिवे, एंजिन सारें मूळचें, जागच्या जागीं आणि चालू स्थितींत होतें. तीस चार लोखंडी ठोकळ्यांवर चढवून तो आमच्यापाशीं आला आणि म्हणाला, “मामा, हिचें छप्पर कापूं कीं हिला होती तशी करूं ? जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्यांवर तुम्ही जन्मभर बोलत आलां आहांत. आतां हिच्याविषयीं बोला.” आम्हीं प्रथम तें हंसण्यावारी नेलें. पण दोन रात्री तो प्रश्न आमच्या डोक्यांतून जाईना.

प्रथम गाडीविषयीं. ‘मॉडेल ए’ ही १९२७ च्या अखेरीस बाजारांत आली आणि १९३२ च्या आरंभापर्यंत तिच्या सुमारें ४८ लाख गाड्या निघाल्या. चार सिलिंडरांचें चाळीस अश्वशक्तीचें एंजिन, दांड्यांच्या ओढीनें चालणारे ब्रेक, आणि बसणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोर, पुढच्या काचेच्या खालींच पेट्रोलची टाकी, अशी तिची रचना आहे. टाकी उंचावर असल्यामुळें पेट्रोल आपल्याच वजनानें एंजिनाकडे उतरतें. पंपाची गरजच ठेवलेली नाहीं. खेड्यांतल्या शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करतां यावी इतकी ती सोपी आहे, आणि हा सोपेपणा तिच्या चेहऱ्यावरहि दिसतो. परंतु कॅलिफोर्नियाच्या महामार्गावर इतर गाड्या ज्या ताशी ६५ मैलांच्या वेगानें सहज जातात, तो हिच्या वेगाची परमावधि होय. आणि त्या वेगांत ती थांबविण्याचा प्रसंग आला तर चालकानें देवाचें नांव घ्यावें हें बरें. म्हणजे गाडी जशीच्या तशी ठेविली तर ती बहुतेक घरांतच राहणार. आणि चालविण्याजोगी केली तर जशीच्या तशी राहणार नाहीं. भाच्याची अडचण खोटी नव्हती.

अशा प्रसंगीं पूर्वपक्ष असा असतो कीं, जुनें तें जसें होतें तसें पुन्हां करावें. यालाच आपण जीर्णोद्धार म्हणतों. पण हा मार्ग दिसतो तितका निर्दोष नाहीं. इंग्लंडांत रस्किन यांनीं १८४९ सालींच जुन्या इमारतींच्या असल्या नूतनीकरणाला असत्याचा एक प्रकार ठरविलें होतें. आणि १८७७ सालीं विल्यम मॉरिस यांनीं, जुन्या भिंती खरवडून नव्या करणाऱ्यांविरुद्ध एक संस्थाच काढली. फ्रान्सांत व्हियोले-ल-द्यूक यांनीं मात्र उलट सांगितलें होतें कीं, जीर्णोद्धारानें वास्तूला असें पूर्ण रूप यावें, जें तिला कोणत्याहि एका काळीं प्रत्यक्ष लाभलेलें नसेलहि. मोटारगाड्यांच्या प्रदर्शनांत ज्या जुन्या गाड्या आरशासारख्या चकाकत असतात, त्या या फ्रेंच पंडिताच्याच शिष्या समजाव्या. कारखान्याच्या दारांतून बाहेर पडतांना त्यांच्यावर ती चकाकी नव्हती; पत्र्यांचे सांधे इतके बिनचूक नव्हते. त्यांना जुन्या म्हणावें तर त्यांच्या अंगावर काळाची एक रेघ नाहीं, आणि नव्या म्हणावें तर तसें म्हणवून घेण्याची त्यांची तयारी नाहीं. जीर्णोद्धाराचा खरा आदर्श पाहावयाचा असेल तर आपल्याकडे एकनाथांचा पाहावा. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. आणि स्वतः समर्थ कवि असतांहि त्यांत आपली ओवी मिसळूं नये, इतरांनींहि मिसळूं नये, असा दंडक घातला. जीर्णोद्धार करणाराला हातोटीपेक्षां हा संयमच अधिक लागतो.

आतां उत्तरपक्षाकडे वळूं. हॉट रॉडचा उगम श्रीमंतांच्या छंदांत झालेला नाहीं. दक्षिण कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत म्युरॉक नांवाचें एक कोरडें पडलेलें सरोवर आहे. त्याच्या कठीण, सपाट तळावर १९३० च्या दशकांत तेथील तरुण आपल्या जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वेग अजमावण्यास जात. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली, आणि या धांवपळीला नियम व घड्याळ यांची शिस्त आली. फोर्डनें १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें पासष्ट अश्वशक्तीचें एंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किंमतींत आणलें होतें. तें दोन चार वर्षांनीं मोडीच्या बाजारांत मिळूं लागलें, आणि गरिबाच्या हातीं वेग आला. १९३९ सालीं फोर्डनें तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले, तेव्हां तेहि काढून जुन्या गाड्यांना बसविण्यांत येऊं लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरीं परतलेल्या शिपायांनीं हा छंद वाढविला; १९४८ सालीं ‘हॉट रॉड’ याच नांवाचें मासिक निघालें, आणि १९४९ सालीं युटा संस्थानांतील बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाच्या शर्यती सुरू झाल्या. इतिहास येवढा पुरे.

आमच्या विषयाला महत्त्वाचें हें कीं, या कारागिरांच्या हातून सौंदर्य निर्माण झालें तें सौंदर्याच्या शोधांत झालें नाहीं. मडगार्डें काढलीं तीं वजन कमी व्हावें म्हणून. छप्पर कापलें तें वाऱ्याला अडथळा होऊं नये म्हणून. आणि छप्पर कापणें म्हणजे पेटीचें झांकण कापण्याइतकें सोपें काम नव्हे. गाडीचे खांब वर जातांना आंत झुकलेले असतात. त्यांतून दोन इंचांचा तुकडा काढला कीं वरचें छप्पर खालच्या भागापेक्षां आखूड भरतें. खांबांचीं तोंडें एकमेकांस भेटत नाहींत. मग एक तर खांब वांकवावे लागतात, नाहीं तर छप्पर मधोमध चिरून त्यांत पत्र्याची पट्टी घालावी लागते. दारांच्या चौकटी, काचा सारें त्या मानानें पुन्हां करावें लागतें. जोडावर पूर्वीं शिसें वितळवून ओतीत व कानशीनें घासून काढीत. इतकें करून पाहणाराच्या डोळ्याला जोड दिसला नाहीं, म्हणजेच काम साधलें. ज्यांनीं एखाद्या लांबलेल्या कवितेंतून दोन कडवीं काढून उरलेल्या कडव्यांचे सांधे पुन्हां जुळविले असतील, त्यांना या कष्टांची कल्पना सहज येईल.

या कलेचें उत्तम उदाहरण म्हणून बिल नीकॅंप यांच्या गाडीचें नांव घेतां येईल. कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथील प्रदर्शनांत अमेरिकेंतील सर्वांत सुंदर उघड्या गाडीसाठीं १९५० सालीं जो मान प्रथम देण्यांत आला, तो हिला मिळाला. तिची वरची बॉडी १९२९ च्या फोर्डची, खालची चासी १९२७ च्या एसेक्स गाडीची आणि एंजिन १९३९ च्या मर्क्युरीचें आहे. तीन ठिकाणच्या तीन वस्तु. परंतु त्यांची गोधडी झालेली नाहीं. नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेषा वाहत गेली आहे, आणि डोळा कोठेंहि अडखळत नाहीं. शिवाय ती केवळ प्रदर्शनाची बाहुली नव्हती. पुढें कोरड्या सरोवरावर तिनें ताशी १४० मैलांहून अधिक वेग गांठला. १९३२ च्या फोर्डचेंहि असेंच आहे. तिच्या चासीच्या बाजू उघड्या असून त्यांवर दाबून काढलेली एक सुरेख उठावाची रेघ आहे. मडगार्डें असतां तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. मडगार्डें काढलीं कीं तीच रेघ गाडीच्या सर्व रूपाचा आधार होते. यावरून आम्ही पहिला सिद्धांत असा बांधतों कीं, चांगलें रूपांतर मूळांत नसलेला गुण वरून चिकटवीत नाहीं. मूळांत झांकून राहिलेला गुण तें उघडा करतें.

या कसोटीवर पुढच्या काळांतील पुष्कळसें काम उतरत नाहीं. टॉम वुल्फ यांनीं १९६३ सालीं ‘एस्क्वायर’ मासिकांतील आपल्या प्रसिद्ध लेखांत जॉर्ज बॅरिस, एड रॉथ इत्यादि कारागिरांस शिल्पकारांच्या पंक्तीस बसविलें. पंडितांनीं ज्यांच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें, त्यांच्याकडे समीक्षकाच्या डोळ्यांनीं पाहण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु वुल्फ यांचें मन रंगांच्या झगमगाटावर आणि अलंकारांच्या विपुलतेवर अधिक लुब्ध झालेलें दिसतें. आमचें मन काटकसरीवर जडतें. स्ट्रीट रॉडच्या युगांत तर सोयींनीं कहर केला. बाहेरून १९३२ सालची आकृति, आंत थंड हवेचें यंत्र, आपोआप बदलणारे गिअर आणि कारखान्यांतून तयार आणलेलें नवें शेव्हरोले एंजिन. यांत पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. म्हाताऱ्या माणसानें चष्मा लावला म्हणून तो दुसरा माणूस होत नाहीं. पण दारांच्या मुठी काढल्या, बिजागऱ्या लपविल्या, सांधे बुजविले आणि गाडी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत केली, म्हणजे ती कोणत्या काळची, कोणत्या घराण्याची हें ओळखूंच येत नाहीं. याची प्रतिक्रिया म्हणून ‘रॅट रॉड’ नांवाचा एक पंथ निघाला. यांत गंज पुसावयाचा नाहीं, इतकेंच नव्हे तर नसल्यास तो मुद्दाम आणावयाचा. कष्टानें आलेल्या सुरकुत्या वेगळ्या आणि रंगपटांत बसून काढलेल्या वेगळ्या. जुने शब्द पेरून आपली कविता प्राचीन भासविणाऱ्या कवींस आम्ही जें सांगत आलों, तेंच या मंडळींस सांगावेंसें वाटतें.

येथवर आमचें मत रूपांतराच्या बाजूला झुकत चाललें होतें. भाच्याला तसें सांगावें असेंहि मनांत आलें. आणि त्याला पटावें म्हणून आम्हीं आपल्या रंगभूमीचा दाखला शोधला. गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चें ‘झुंझारराव’ केलें. त्यांनीं नांवें बदललीं, वेष बदलला, वातावरण बदललें; परंतु संशयानें पोखरलेलें तें हृदय तसेंच ठेविलें, आणि मराठी प्रेक्षकाला एक नाटक दिलें. यापेक्षां रूपांतराचें समर्थन तें कोणतें ? परंतु दाखला उच्चारतांच त्यांतील छिद्र आमच्या नजरेस आलें. देवलांनीं लेखणी चालविली म्हणून ‘ऑथेल्लो’चें एक पानहि फाटलें नाहीं. ज्याला मूळ पाहिजे त्याला तें आजहि वाचतां येतें. गाडीचें रूपांतर करणारा मात्र मूळ ग्रंथाच्याच पानांवर आपलें नाटक लिहितो, आणि लिहून होतांच मूळ संपतें. वाङ्मयांतील रूपांतर आणि लोखंडांतील रूपांतर यांत हा जो भेद, तोच आमच्या मतें या सर्व वादाचें मर्म होय. हॉट रॉडचे स्तुतिपाठक आणि निंदक एकमेकांशीं रुचीविषयीं भांडतात. भांडण वास्तविक संख्येविषयीं असावयास पाहिजे. १९४० च्या सुमारास जुन्या फोर्ड गाड्या मोडीच्या भावानें विकल्या जात होत्या. छापील पुस्तकाच्या हजारों प्रतींपैकीं एकीच्या समासांत कोणी रेघोट्या ओढल्या तर ग्रंथाची हानि होत नाहीं. पण प्रती संपत आल्या आणि हातांत आहे ती धड, अखंड असली, म्हणजे ती हस्तलिखिताच्या पदवीला चढते. तेव्हां तिच्यावर कात्री चालविणारानें दहा वेळां विचार केला पाहिजे.

येथें आम्हांस आमचाच एक जुना अपराध सांगणें प्राप्त आहे. आमचे आजोबा कोंकणांत कीर्तन करीत. त्यांच्या स्वतःच्या हातची आख्यानांची एक वही आमच्या घरीं होती. आम्ही नुकतेच एम्. ए. झालों होतों, विद्वत्तेची गुर्मी होती. वाळवीनें खाल्लेली ती वही आम्हीं नव्या कागदावर उतरली, आणि उतरतां उतरतां ‘शुद्ध’ केली. घरगुती शब्दांच्या जागीं ग्रंथांतले शब्द घातले, ओबडधोबड वाटलेले दृष्टांत गाळले, चार ठिकाणीं स्वतःचीं वाक्यें जोडलीं. नवी प्रत देखणी झाली. आणि जुनी वही दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीबरोबर गेली, तिला अडविण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. आज ती देखणी प्रत उघडली कीं एकेका ओळीपाशीं आम्ही थांबतों. हा शब्द आजोबांचा कीं आमचा ? कांहीं ठिकाणीं ओळखतां येतें. पुष्कळ ठिकाणीं येत नाहीं. त्यांचा आवाज ऐकलेलें आतां घरांत कोणी उरलेलें नाहीं, त्यामुळें विचारावयाचें तरी कोणाला ? रूपांतर आम्हीं केलें यांत दोष नव्हता. मूळ राखलें नाहीं हा दोष होता, आणि त्याला प्रायश्चित्त नाहीं.

या विषयांत एक मौज अशीहि आहे कीं, मूळ म्हणजे काय याचेंच उत्तर काळाबरोबर सरकत जातें. कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें १९५० पासून उत्तमोत्तम जुन्या गाड्यांचें प्रदर्शन भरतें. ज्यांच्या नुसत्या नांवानें तेथील रसिकांनीं पूर्वीं कानांवर हात ठेविले असते, त्या हॉट रॉड गाड्यांसाठीं त्याच प्रदर्शनांत १९९७ सालीं स्वतंत्र वर्ग उघडण्यांत आला. आणि पहिला मान डोन स्पेन्सर यांनीं १९४० च्या दशकांत बांधलेल्या १९३२ च्या फोर्डला मिळाला. त्या गाडीचा जीर्णोद्धार झाला होता. परंतु तो तिला कारखान्यांतून निघाली तशी करण्यासाठीं नव्हता. स्पेन्सर यांच्या हातून निघाली तशी करण्यासाठीं होता. एके काळीं ज्यानें मूळ मोडलें, त्याचेंच काम आतां मूळ ठरलें आणि राखण्याजोगें झालें. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१३ सालीं कायम केलेल्या ट्युरिनच्या सनदेंत, मूळ द्रव्याला शक्य तितका कमी हात लावावा आणि जो लावावा लागेल त्याची नोंद ठेवावी, असा उपदेश आहे. तो आतां रूपांतरकारांच्याहि कामाला लागू करावा लागतो. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, मग कापावयास हरकत कसली. आजचा अपराध उद्यांचा वारसा होईल. हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. स्पेन्सर यांच्या एका गाडीमागें ज्या शेंकडों गाड्या अर्धवट कापून परसांत गंजत पडल्या, त्यांच्यासाठीं कोणीं वर्ग उघडला नाहीं. महाकाव्याच्या आशेनें प्रत्येकानें घरची पोथी फाडूं नये.

मग या कलेला आज जागाच नाहीं काय ? आहे, आणि ती मोठी आहे. अमेरिकेंत आज १९३२ च्या फोर्डची बॉडी नव्या पोलादी पत्र्याची संपूर्ण घडवून मिळते. फोर्डनें त्या सालीं काढल्या त्याहून अधिक १९३२ च्या फोर्ड गाड्या आज रस्त्यावर आहेत, अशी तिकडे थट्टाच प्रचलित आहे. शुद्धिवादी लोक या नव्या बॉडीला तुच्छ लेखतात. आमच्या मतें ती या कलेवरचा मोठा उपकार आहे. कारण तिच्यामुळें लोखंडांतील रूपांतराला वाङ्मयांतील रूपांतराचें निष्पापपण लाभलें. देवलांप्रमाणेंच कारागिराला आतां मूळाला न दुखवितां आपलें नाटक लिहितां येतें. शिवाय शेतांत पडलेले, एंजिन गेलेले, दारें नसलेले सांगाडे आहेतच. ज्याचें अर्धें गेलें आहे त्याला नवा जन्म देण्यांत हिंसा नाहीं. अखंड असेल तें राखावें, भंगलेल्याचें रूपांतर करावें, आणि जेथें बदल करणें भागच पडेल तेथें तो उलटवितां येईल असा करावा, ही आमची त्रिसूत्री आहे.

भाच्याला आम्हीं हेंच सांगितलें, आणि वहीची गोष्टहि सांगितली. ती त्याच्या आईनें त्याला कधीं सांगितली नव्हती. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर म्हणाला, “मामा, निदान ब्रेक तरी बदलूं द्याल कीं नाहीं ?” ब्रेक बदलण्यास आम्हीं आनंदानें संमति दिली, कारण त्यासाठीं कांहीं कापावें लागत नाहीं, जुने ब्रेक तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवतां येतात, आणि कलेपेक्षां भाचा आम्हांस अधिक प्रिय आहे. ती गाडी आज विटक्या रंगासह चालते. मागील महिन्यांत त्याचें पत्र आलें, त्यांत दुसऱ्या एका गाडीचें छायाचित्र होतें. नुसता सांगाडा, एंजिन नाहीं, आसनें नाहींत, एक दार नाहीं, तळ गंजून गेलेला. पत्राखालीं त्यानें विचारलें आहे कीं, हिचें छप्पर किती इंच खालीं घ्यावें ? त्याचे मित्र चार म्हणतात. आम्हीं छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिलें, कागदाच्या पट्टीनें मोजून पाहिलें, आणि उलट टपालीं कळविलें कीं, दोन पुरेत.